एकशे बाराला मिस्ड कॉल

एकनाथराव ढग्यांना सगळं जग एकच वाक्य सांगत असे : "काही झालं तर फोन करा."

मुलगा गौतम दर रविवारी सकाळी दहाला पुण्याहून फोन करायचा. "बाबा, सगळं ठीक?" "ठीक." "गोळी घेतली?" "घेतली." "बरं, काही झालं तर लगेच फोन करा हं." एवढं बोलणं झालं की एकनाथरावांचा रविवार संपायचा आणि पुढचा यायला सात दिवस लागायचे. तळमजल्यावरच्या तारामतीबाई जिन्याशी भेटल्या की म्हणायच्या, "भाऊजी, काही झालं तर आवाज द्या बरं, लाजू नका." डॉक्टर तेच म्हणायचे, औषधवाला तेच म्हणायचा, आणि वॉचमन यादय्या तर गेटमधून आत येताना सलाम ठोकून म्हणायचा, "साब, कुछ हुआ तो मेरे कू बोलो."

अडचण एवढीच होती, की काही होतच नव्हतं. रक्तदाब जागेवर, साखर जागेवर, गुडघे तर वयाच्या मानाने तरणेबांड. पत्नी जयवंताबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून हैदराबादच्या बरकतपुऱ्यातल्या श्रीनिधी अपार्टमेंटच्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात काही म्हणता काही घडलं नव्हतं. अशा धडधाकट माणसाने कुणाला आणि काय निमित्ताने फोन करावा? एकनाथराव दिवसातून दोनदा खाली उतरून टपालपेटी उघडून बघत. त्यांना पत्र पाठवणारं आता कुणी उरलेलं नव्हतं. पण जिन्यात कुणीतरी भेटण्याची शक्यता असते.

या टपालपेटीनेच पुढचा सगळा घोटाळा केला.

पेट्यांच्या वरच्या भिंतीवर एक पत्र्याचा तक्ता होता : 'आपत्कालीन दूरध्वनी'. पोलीस, आगीचा बंब, रुग्णवाहिका, गॅसगळती, वीज, पाणी, लिफ्ट, सर्पमित्र अशा एकूण सतरा नंबरांचा. आजवर झालेल्या प्रत्येक सेक्रेटरीने आपापल्या कारकिर्दीत त्यात दोन-तीन नंबरांची भर घातली होती आणि आधीचा एकही खोडला नव्हता. काही नंबर तर सहा आकडी होते. हैदराबादेत सहा आकडी फोन शेवटचा कधी वाजला हे सांगणारा माणूसही आता शोधावा लागेल.

एकनाथराव वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. चौतीस वर्षं त्यांनी बेगमबाजारपासून मोंढ्यापर्यंत तराजू, लिटरची मापं आणि कापडवाल्यांचे गज तपासले होते. तपासल्याशिवाय शिक्का मारायचा नाही, हा त्यांचा धर्म. लग्नासाठी मुलगी बघायला गेले तेव्हा त्यांनी म्हणे सासऱ्याच्या दुकानातलं अर्ध्या किलोचं वजन हातात घेऊन "हे जरा हलकं वाटतंय" असं म्हटलं होतं. तरी सासऱ्याने मुलगी दिली, हा त्या माणसाचा मोठेपणा.

तर एकनाथरावांनी वही घेतली, रेघा मारल्या आणि सतराच्या सतरा नंबर तपासायला बसले. तीन दिवस लागले. पोलिसांचा म्हणून लिहिलेला नंबर एका शिंप्याकडे लागला. त्याने "ब्लाउज परसों मिलेगा, माँ" असं सांगून ठेवून दिला. रुग्णवाहिकेचा नंबर अस्तित्वातच नव्हता. सर्पमित्र सर्पदंशाने नव्हे, पण वारला होता. गॅसगळतीचा नंबर मात्र लागला. तिकडे एक वयस्क गृहस्थ होते, ज्यांनी गॅस एजन्सी सोडूनच बारा वर्षं झाली होती. ते आणि एकनाथराव चाळीस मिनिटं बोलले. गुडघ्यांपासून सुरू होऊन गोष्ट जुन्या हैदराबादेतल्या थंडीपर्यंत गेली. वहीत त्या नंबरासमोर त्यांनी शेरा मारला : 'चालू. गॅस नाही.' दुसऱ्या दिवशी तो नंबर पुन्हा एकदा तपासून पाहावा असं त्यांना फार वाटलं, पण एकदा शेरा मारलेलं माप पुन्हा तपासायला कारण लागतं.

सतरापैकी एकही कामाचा नाही, हे सिद्ध झालं. त्याच आठवड्यात त्यांनी पेपरात वाचलं, की पोलीस, आग, रुग्णवाहिका सगळ्याला आता मिळून एकच नंबर आहे, एकशे बारा. एकनाथराव खुर्चीतून उठून उभे राहिले. सगळ्या देशाला एक किलो सारखा, एक मीटर सारखा, तसा हा एक नंबर. वजनमापे खात्याच्या माणसाला याहून सुंदर गोष्ट कोणती? सतरा नंबर पुसायचे आणि तीन आकडे हातभर उंचीचे रंगवायचे. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांना सकाळी उठायला काम मिळालं.

सेक्रेटरी होते दुसऱ्या मजल्यावरचे शशिकांत गद्रे, एकनाथरावांच्या बरोबर खाली राहणारे. मूळचे पुण्याचे, सॉफ्टवेअर कंपनीतून निवृत्त, अठरा वर्षं हैदराबादेत काढूनही तोंडून चुकूनसुद्धा 'हो'च्या जागी हैदराबादी 'हौ' निघालेलं नाही. गद्रे माणसांशी शक्यतो सूचनांमधून बोलत. 'लिफ्टचे दार सौम्यपणे लावावे. ते आपल्या मालकीचे नाही.' 'कुंड्यांना पाणी घालताना खाली माणसे राहतात हे लक्षात ठेवावे.' एकनाथरावांशी त्यांचा एवढाच संबंध, की कुंड्या एकनाथरावांच्या होत्या.

अर्ज दिला, सभा भरली. सभेला सहा माणसं.

"ढगे, नंबर एकच असेल तर तक्ता हवा कशाला?" गद्रे म्हणाले. "तीन आकडे लक्षात राहत नाहीत का लोकांच्या?"

"घाबरल्यावर माणसाला सोताचं नाव आठवत नाही गद्रेसाहेब," एकनाथराव म्हणाले.

तारामतीबाईंचं मत वेगळंच. "मी सांगू का, एक नंबर नक्को. उद्या बोलवायचं पोलिसाला अन् आला आगीचा बंब, तर सगळं पाणी माझ्या घरात. मी तळाला राहते. तुमाला काय, तुमी वरून बघताव."

"तसं होत नाही तारामतीबाई, ते फोनवर विचारतात काय झालं म्हणून."

"अन् एकाच माणसावर सगळी कामं टाकली की तो एकबी करत नाही. आमच्या यांनाच बघा ना."

त्यांचे 'हे' शेजारीच बसले होते. त्यांनी मान डोलावली. शेवटी गद्र्यांनी इतिवृत्तात लिहिलं : 'तक्ता लावण्यास मान्यता. मात्र सदर क्रमांक खरोखर चालू असल्याची खात्री अर्जदाराने स्वतः करून घ्यावी.' शेवटचं वाक्य गद्र्यांनी पुणेरी चिमटा म्हणून काढलेलं. पण चौतीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला लेखी चिमटा कळत नाही. त्याला लेखी असेल ते सगळं आदेशच वाटतं.

आता एकशे बारा तपासायचा कसा? एकनाथरावांनी या प्रश्नावर गुरुवारची अख्खी सकाळ घालवली. फोन करून "काही नाही, सहज" म्हणावं, तर खऱ्या माणसाची लाईन अडणार, आणि एकनाथराव सार्वजनिक वस्तूचा गैरवापर करणाऱ्यांतले नव्हते. म्हणून त्यांनी सभ्य मार्ग निवडला : मिस्ड कॉल. एक रिंग वाजू द्यायची आणि ठेवून द्यायचा. वाजला म्हणजे चालू आहे, सरकारचा वेळ वाचला. ढग्यांच्या घरात मिस्ड कॉल ही तशी जुनी बोली होती. नांदेडला सुखरूप पोचलो, एक. जयवंताबाई चिक्कडपल्लीच्या बाजारातून भाजी घेऊन निघाल्या आणि पिशव्या जड झाल्या, दोन; की एकनाथरावांनी चपला घालायच्या. दोन वर्षांत त्या बोलीत त्यांच्याशी कुणी बोललं नव्हतं.

अकरा वाजून पाच मिनिटांनी त्यांनी एकशे बारा लावला. वाजला. कट केला. वहीत लिहिलं : 'चालू. आवाज स्वच्छ.'

मिनिटभरात फोन वाजला. अनोळखी नंबर. आता गौतमने बाबांना जन्मात एकच गोष्ट दहा वेळा बजावून सांगितली होती, की अनोळखी नंबर उचलायचा नाही, हल्ली फोनवरून पोलीस बनून लोकांना घरात कोंडून ठेवतात. एकनाथरावांनी कट केला. पुन्हा वाजला, पुन्हा कट. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्यांनी उचलला. तिकडून बाईचा आवाज आला, "सर, पोलीस कंट्रोल रूम से, आप..." एवढं ऐकताच एकनाथराव कडाडले, "मेरे कू सब मालूम है! दूसरा घर देखो!" आणि फोन बंडीच्या खिशात कोंबून विजयी मुद्रेने चष्मा शोधायला गेले; अपार्टमेंटच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचं होतं, की आज तिघा भामट्यांना परतवून लावलं. चष्मा सापडेना म्हणून तेवढं राहिलं.

बाराव्या मिनिटाला खाली पोलिसांची गाडी थांबली.

एकनाथराव गॅलरीतून बघतात तो दोन पोलीस : एक तरुण बाई आणि एक पोट सुटलेला ड्रायव्हर. त्यांच्या अंगातून वीजच गेली. झालं! काहीतरी झालं! ते वयाची पर्वा न करता जिना उतरून खाली आले.

"इस बिल्डिंग से कॉल आया काका," ती पोलीसबाई म्हणाली. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं, प्रणिता. "एक रिंग दे के काट दिए. हम वापस किए तो दो बार काट दिए. तीसरी बार कोई मर्द उठा के चिल्लाया. अंदर कोई औरत को फोन करने नहीं दे रहे, ऐसा लगता."

"अरे अरे अरे," एकनाथराव हळहळले. "मॅडम, मेरे साथ चलो. यहाँ का एक-एक घर मेरे कू मालूम."

आणि एकनाथराव पुढे झाले. पांढऱ्या बंडीतले एकनाथराव पुढे, मागे कायदा. तारामतीबाईंच्या घरापासून सुरुवात केली. तारामतीबाईंनी "आमच्यात मीच चिल्लाते, हे नाही" असं सांगितल्यावर संशय तिथेच मिटला. पहिला मजला निकालात निघाला. दुसऱ्या मजल्यावर गद्र्यांनी दार उघडलं, अर्ध्या चड्डीत, हातात डाव.

"घर में कौन कौन है?" प्रणिताने विचारलं.

"मी एकटा. मैं अकेला."

"मॅडम कहाँ हैं?"

"अमेरिकेत. मुलीकडे. बेटी के पास."

"कब से?"

आता इथे एकनाथरावांनी गप्प बसायला काय हरकत होती? पण तपासणी म्हटली की त्यांच्या जिभेला धार येते. "मॅडम," ते खालच्या आवाजात म्हणाले, "छे महिने हो गए, सुलभाबाई को किसी ने देखा नहीं."

मग पोलिसांनी गद्र्यांच्या घराची खोली न खोली पाहिली, कपाटं उघडली, न्हाणीघर पाहिलं. अमेरिकेत तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली, तरी गद्र्यांना सुलभाबाईंना व्हिडिओवर उठवून त्या जिवंत असल्याची खातरजमा करून द्यावी लागली. सुलभाबाई केस सावरत, घाबऱ्या आवाजात विचारत होत्या, "काय झालं? काय झालं?" एकनाथराव तेवढ्यात शोधाच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर एक कुकर, एक ताट, एक वाटी आणि पालथा घातलेला एकच कप होता. त्यांना वाटलं आपण चुकून आपल्याच घरात शिरलो. ते बाहेर आले.

तेवढ्यात ड्रायव्हरच्या खांद्यावरचा वायरलेस खरखरला. चिक्कडपल्लीत एक म्हातारी बाई एकटी घरात पडली होती, दार आतून बंद, जवळची गाडी हवी होती. ड्रायव्हर म्हणाला, आम्ही बरकतपुऱ्यात अडकलोय, इथला शोध संपलेला नाही, दुसरी पाठवा.

"बघा आता," एकनाथराव गद्र्यांना म्हणाले, "कुण्या नालायकाने गंमत म्हणून फोन केला असेल, अन् तिकडं ती माऊली पडून आहे."

आणि त्यांचा खिसा वाजला. एकनाथरावांनी फोन काढला, डोळ्यांपासून लांब धरून नंबर पाहिला आणि सफाईने कट केला. "ये देखो मॅडम, तुम्हीच बंदोबस्त करो इनका. सुबह से फ्रॉडवाले सता रहे."

प्रणिताच्या कानाला तिचा फोन होता. "फिर काट दिया," ती ड्रायव्हरला म्हणाली. मग थांबली. एकनाथरावांकडे बघत बघत तिने पुन्हा नंबर दाबला. एकनाथरावांच्या हातातला फोन वाजला. तिने बंद केला, तो बंद झाला. तिने परत लावला, तो परत वाजला.

जिन्यात आता सगळी श्रीनिधी अपार्टमेंट जमा झाली होती. तारामतीबाई म्हणाल्या, "काखेत कळसा अन् गावाला वळसा, भाऊजी."

एकनाथरावांनी खिशातून वही काढली, 'चालू. आवाज स्वच्छ' ही नोंद दाखवली, इतिवृत्तातला आदेश सांगितला. गद्र्यांनी हातातला डाव असा धरला होता की दोन पोलीस होते म्हणून बरं.

प्रणिता रागावली नाही, हे जास्त लागलं. तिने जिन्यातच फॉर्म भरायला घेतला. नाव, वय. "साथ में कौन रहता?"

"कोई नहीं."

"रोज बात कौन करता? कोई तो आता-जाता होगा."

एकनाथरावांनी विचार केला. सगळे ऐकत होते. दूधवाला पिशवी दाराला अडकवून जातो, बोलत नाही. पेपरवाला खालून फेकतो. "इतवार को बेटा," ते म्हणाले. "दस बजे."

तिने ते लिहिलं. मग ती दोघं जिना उतरून धावत गेली आणि गाडी चिक्कडपल्लीकडे वळली.

त्यानंतर काय विचारता! ग्रुपवर एक्केचाळीस निरोप. कुणाला कळलं ढग्यांना पोलीस घेऊन गेले, कुणाला कळलं गद्र्यांनी बायकोला कोंडलं होतं. तारामतीबाई सल्ला द्यायला वर आल्या, की काही दिवस नांदेडला जाऊन या, लोक विसरतात. यादय्याने सांगितलं की त्याच्या गावात एकाला भूत असे फोन करायला लावायचं. गौतमचा फोन तर गुरुवारी आला. चक्क गुरुवारी! तो पस्तीस मिनिटं रागावला. बाबा, आता पुरे झालं, पुण्याला या, इथे बाविसाव्या मजल्यावर आमच्याजवळ राहा, दिवसा आम्ही नसतो पण लिफ्टमध्ये कॅमेरा आहे. एकनाथराव हं हं म्हणत ऐकत राहिले. रागावून का होईना, पस्तीस मिनिटं.

पण रात्री त्यांनी भरलं ताट तसंच सारून ठेवलं. ती चिक्कडपल्लीची बाई. आपल्या एका मिस्ड कॉलने तिची गाडी अडली. दार आतून बंद, म्हणजे तीही एकटीच. तिला किती वेळ पडून राहावं लागलं? तिने सगळ्यांना काय सांगितलं असेल, काही झालं तर फोन करीन म्हणून? हात दाखवून अवलक्षण हे फक्त आपलं असतं तर चाललं असतं.

सकाळी त्यांनी माफीनामा लिहिला, तीन प्रतींत, आणि ठाण्यात गेले. टेबलामागच्या हवालदाराने वाचला. "तक्रार क्या है?"

"तक्रार नहीं. माफी है."

"किस के खिलाफ?"

"मेरे खिलाफ."

हवालदाराने दोन रजिस्टरं उलटून पाहिली. तक्रारीचं होतं, हरवल्याचं होतं, सापडल्याचं होतं. माफी लिहायचं रजिस्टर नव्हतं. "काका, घर जाओ. कुछ नहीं होता." पण आवक क्रमांकाशिवाय कागद म्हणजे एकनाथरावांच्या लेखी नुसती रद्दी. ते नामपल्लीकडच्या पोलिसांच्या एका मोठ्या कचेरीत गेले. तिथे दोन तास बसवून सांगितलं, की घटना जिथली, माफी तिथलीच. म्हणून पुन्हा ठाण्यात. शनिवारी तिसरी खेप घातली तेव्हा ठाण्याच्या दारात प्रणिताच भेटली. चहाचा ग्लास हातात घेऊन उभी होती.

"काका, तुम फिर?"

"वो अम्मा," एकनाथरावांनी विचारलं, "चिक्कडपल्लीवाली. बची क्या?"

"उस के वास्ते आ रहे क्या दो दिन से? अच्छी है वो. पाँव में फ्रॅक्चर. हमारी गाडी तुम्हारे पास फँसी, तो दूसरी गाडी गई, सात मिनट में. सब एक ही जगह बैठ के देखते ना काका, कौन सी गाडी खाली है, कौन सी फँसी. पहले का जमाना रहता, अलग अलग नंबर, तो वो हमारा ही रस्ता देखते बैठती."

एकनाथराव ठाण्याच्या पायरीवर बसले. तीन दिवसांत पहिल्यांदाच त्यांना श्वास पुरा आला. प्रणिताने माफीनाम्याची एक प्रत घेतली, घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाली, "मैं रख लेती. मिस्ड कॉल नक्को देना काका. कुछ हुआ तो पूरा फोन करना, बात करना."

पुन्हा तेच. कुछ हुआ तो. एकनाथरावांना राहवलं नाही.

"और कुछ नहीं हुआ तो?" त्यांनी विचारलं. "कुछ भी नहीं हुआ, तो कौन सा नंबर है?"

प्रणिता हसायला गेली आणि हसली नाही. "वो नंबर नहीं है काका," ती म्हणाली.

एकनाथराव बरकतपुऱ्यापर्यंत पायीच आले. येताना खाजा पेंटरला सांगून आले.

सोमवारी तक्ता रंगला. लाल जमिनीवर पांढऱ्या, हातभर उंच आकड्यांत एकशे बारा. खाली तेलुगूत, उर्दूत, मराठीत : 'काही झालं तर.' आणि त्याच्याही खाली, लहान अक्षरांत, खाजा पेंटरने दोनदा "पक्का लिखना क्या, साब?" विचारून लिहिलेली ओळ : 'काही झालं नसेल तर : एकनाथराव ढगे, तिसरा मजला.' पुढे त्यांचा मोबाईल नंबर.

गद्रे चष्मा कपाळावर चढवून तक्त्यासमोर उभे राहिले. "ही शेवटची ओळ कुणाच्या परवानगीने?"

"ठरावात तक्ता लिवलाय," एकनाथराव म्हणाले, "किती ओळींचा, हे कुठं लिवलंय?"

"आणि अशा नंबरावर फोन कोण करणार आहे?"

एकनाथरावांनी रंग वाळलाय का ते बोट लावून पाहिलं.

पहिल्या दिवशी त्यांनी फोन चार्ज करून समोर ठेवला. दुसऱ्या दिवशी न्हाणीघरात जातानाही बरोबर नेला. चार दिवसांनी एक फोन आला, कर्ज हवंय का विचारणारा. एकनाथराव त्या पोराशीही गौतमची बंदी मोडून बोलले असते, पण ते यंत्र निघालं. तारामतीबाईंनी जिन्यात सांगितलं, "भाऊजी, काही झालं नाही तर आमी कशाला फोन करावं? काही झालं नाही तर आमी झोपताव." रविवार आला. "बाबा, सगळं ठीक?" "ठीक." अकरा दिवस झाले. एकनाथरावांनी वही काढली, आपलाच नंबर लिहिला आणि शेऱ्याच्या रकान्यात पेन टेकवून कितीतरी वेळ बसले. 'बंद' लिहावं की काय? तपासणी प्रामाणिक असली पाहिजे.

तेवढ्यात फोन वाजला. एक रिंग. बंद पडला.

अनोळखी नंबर. एकनाथरावांनी चष्मा शोधला, नंबर लावला.

"हॅलो. मी एकनाथ ढगे. तुमचा मिस्ड कॉल आलता. तुम्ही ठीक आहात ना?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. एकदा फोनमध्ये आणि त्याच वेळी खालच्या मजल्यावरून, खिडकीतून.

"मी गद्रे," आवाज आला. "विशेष काही नाही. नंबर चालू आहे की नाही, याची खात्री करून घेत होतो."

"चालू आहे," एकनाथराव म्हणाले.

"बरं."

दोघांपैकी कुणीच फोन ठेवला नाही. खाली गद्र्यांनी गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"सुलभाबाई कशा आहेत?"

"आणखी तीन महिने राहणार म्हणते," गद्रे म्हणाले. "म्हणजे काही झालेलं नाही. तसं सगळं ठीकच आहे."

"मग बरोबर नंबर लावलाव तुमी," एकनाथराव म्हणाले. "वर या."

फोन कानाला तसाच धरून ते स्वयंपाकघरात गेले. जाळीच्या कपाटात मागे सारलेला दुसरा कप होता. दोन वर्षांची धूळ बसली होती. त्यांनी तो नळाखाली धरला, अंगठ्याने आतून घासला, आणि जिन्यावर चपलांचा आवाज सुरू झाला तेव्हा फोनमध्ये विचारलं :

"साखर किती घालू?"